'केलियाचा प्रश्न तुम्हीं संतीं' : आत्मशोध कुणाला सांगायचा?

पायवाट (मूळ धागा)

बरेच दिवस मनात घोळत असलेला विषय आज मांडतो आहे. लांबलं आहे, सवडीने वाचा.

आध्यात्मिक साहित्याचा विषय निघाला की आपल्याकडे एक वाटणी ठरलेली असते. पश्चिमेकडचा लेखक 'मी कोण' याच्या मागे लागून माणसांपासून दूर जातो आणि 'मी' आणखी ठळक करून परततो. आपल्याकडचा संतकवी तो 'मी' विरघळवून टाकतो. तिकडे व्यक्ती, इकडे ब्रह्म. तिकडे समाजाशी भांडण, इकडे समाजाकडे पाठ. मीही कित्येक वर्षं हेच धरून चाललो होतो. गेल्या वर्षी तुकोबांची गाथा पहिल्यापासून वाचायला घेतली आणि एका अभंगापाशी ही वाटणी मोडली.

अभंग सगळ्यांच्या ओळखीचा आहे. 'याति शूद्र वैश केला वेवसाव । आदि तो हा देव कुळपूज्य ॥' तुकोबा आपली हकिगत सांगतात, म्हणून हा आत्मचरित्राचा अभंग म्हणून ओळखला जातो. पण त्याची दुसरी ओळ मी आजवर घाईत ओलांडत आलो होतो. 'नये बोलों परि पाळिलें वचन । केलियाचा प्रश्न तुम्हीं संतीं ॥' म्हणजे, स्वतःबद्दल बोलू नये, पण तुम्ही विचारलंत म्हणून तुमचा शब्द राखतो. आणि मग पुढे काय काय येतं! आईबाप गेले. 'दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली ॥' व्यवहारात खोट आली, लाज वाटू लागली. देवाचं देऊळ मोडकळीला आलं होतं, ते नीट करावंसं वाटलं. वह्या बुडवाव्या लागल्या, धरणं धरून बसावं लागलं. एवढं सगळं, पण एकही शब्द 'बघा, मी कसा झालो' या सुरात नाही. कुणीतरी आपुलकीने विचारलं आहे, त्याला दिलेलं हे उत्तर आहे.

याच्या शेजारी दोन पुस्तकं ठेवून बघा. पहिलं ख्रिस्ती संत ऑगस्टीनचं आत्मकथन, इसवी सन ४००च्या सुमाराचं. ते सगळं देवाला उद्देशून आहे. देवाला तर आधीच सगळं ठाऊक, तरी तो सांगतो, कारण सांगताना माणसं ऐकणार आहेत हे त्याला माहीत आहे. दुसरं फ्रेंच विचारवंत रूसोचं, त्याच्या मृत्यूनंतर १७८२ मध्ये छापायला सुरुवात झालेलं. त्याची सुरुवातच अशी की असं काम आजवर कुणी केलं नाही आणि पुढेही कुणी करणार नाही. त्याला कुणी विचारलेलं नाही. तो स्वतःच साक्षीदार, स्वतःच वकील, आणि वाचक न्यायाधीश.

मला वाटतं खरा फरक इथे आहे, आणि तो पूर्व-पश्चिम असा नाही. ऑगस्टीन पश्चिमेचाच, पण तो मला रूसोपेक्षा तुकोबांना जवळचा वाटतो. सोळाव्या वर्षी दोस्तांबरोबर नासपती चोरल्या, त्या प्रसंगावर तो पानंच्या पानं लिहितो. भूक नव्हती, फळंही फार चांगली नव्हती, डुकरांपुढे टाकली. मग का चोरली? आणि तो एक फार खरी गोष्ट सांगतो, की एकटा असतो तर चोरली नसती. पाप एकट्याचं नव्हतं. पुढे ३८६ मध्ये मिलानच्या बागेत तो रडत बसलेला असतो, तेव्हा शेजारच्या घरातून लहान मुलाचा आवाज येतो, 'घे, वाच'. मुलगा की मुलगी हेही त्याला कळलं नाही. त्याचं वळणही दुसऱ्याच्याच आवाजाने आलं.

आता याच अभंगातली आणखी एक ओळ. 'सत्य असत्यासी मन केलें ग्वाही । मानियेलें नाहीं बहुमता ॥' खरंखोटं ठरवायला मनाला साक्षी ठेवलं, पुष्कळांचं मत मानलं नाही. १८४९ मध्ये अमेरिकन लेखक हेन्री डेव्हिड थोरो सरकारला विरोध करण्याच्या कर्तव्यावर निबंध लिहितो, त्यात जवळपास हेच आहे, की जो माणूस आपल्या शेजाऱ्यांपेक्षा अधिक खरा आहे तो एकटाच बहुमत असतो. दोनशे वर्षांचं अंतर, एकाला दुसऱ्याचं नाव माहीत असण्याची शक्यता नाही, आणि आलेला शब्द तोच.

पण थोरोच्या वाक्यात एकटा माणूस स्वतः बहुमत होतो. तुकोबांच्या ओळीत तो बहुमताला नकार देतो आणि तरीही 'तुम्हीं संतीं' विचारलं म्हणून बोलतो. बहुमत नको, सत्संग हवा. समाज नाकारून समाजातच बसण्याची ही जागा मला फार मोलाची वाटते. हाच धागा धरून तुमची वाचनं सांगा. एखादा लेखक स्वतःच्या शोधाची गोष्ट नेमकी कुणाला सांगतो आहे, हे वाचताना तुम्हाला कुठे जाणवलं?

---

संथ

धागा आवडला. थोरोच्या बाजूने थोडं बोलायला हवं, कारण त्याच्यावर एकलकोंडेपणाचा शिक्का फार सहज बसतो.

तो ४ जुलै १८४५ रोजी वॉल्डन तळ्याकाठी राहायला गेला आणि ६ सप्टेंबर १८४७ रोजी परतला. दोन वर्षं, दोन महिने, दोन दिवस. झोपडी दहा फूट बाय पंधरा फूट. त्यात तीन खुर्च्या. एक एकांतासाठी, दोन मैत्रीसाठी, तीन समाजासाठी, असं तोच लिहितो. त्या खोलीत कधी कधी पंचवीस-तीस माणसं एकदम उभी असत. कॉन्कॉर्ड गाव चालत जाण्याच्या अंतरावर होतं आणि तो तिथे वरचेवर जाई. दुरुस्तीला टाकलेला जोडा आणायला जातानाच त्याला पकडलं. गुलामगिरी आणि मेक्सिकोवरचं युद्ध चालवणाऱ्या सरकारला कर देणार नाही, या भूमिकेसाठी जुलै १८४६ मध्ये एक रात्र तुरुंगात काढली. दुसऱ्या दिवशी जोडा घेतला आणि रानात बेरी वेचायला गेला. म्हणजे ज्या निबंधाने पुढे गांधींना बळ दिलं, त्याचं बीज याच 'एकांतवासा'त पडलं.

आणखी एक जागा मला नेहमी थांबवते. त्या हिवाळ्यात माणसं येऊन तळ्यावरचा बर्फ कापून नेत. न्यू इंग्लंडचा बर्फ तेव्हा जहाजाने कलकत्त्यापर्यंत जात असे, १८३३ पासूनच. थोरो रोज सकाळी गीता वाचत होता, चार्ल्स विल्किन्सचं १७८५ चं इंग्रजी भाषांतर. तो लिहितो की आपण विहिरीवर गेलो की तिथे गंगाकाठच्या ब्राह्मणाचा सेवक पाणी भरायला आलेला भेटतो आणि दोघांच्या कळशा एकाच विहिरीत एकमेकींना लागतात. वॉल्डनचं पाणी गंगेत मिसळतं. व्यापाराच्या बर्फातून त्याला हे दिसलं, हे मला खूप आवडतं. पूर्व-पश्चिम भेटीची ही कल्पना हवेतली नाही, तिला वजन आहे, ती गोणपाट आणि भुशात बांधून गलबतावर चढते.

---

कोरांटी

वाचते आहे आणि छान वाटतंय. पण माझा प्रश्न वेगळ्या टोकाचा आहे. पायवाट विचारतात, गोष्ट कुणाला सांगितली. मी विचारते, जाताना कुणाला सांगितलं?

मैथिलीशरण गुप्तांच्या 'यशोधरा'त (१९३२) ती ओळ आहे, 'सखि, वे मुझसे कहकर जाते'. यशोधरेची तक्रार बुद्ध सोडून गेल्याची नाही. सांगून गेले असते तर मी वाट अडवली असती का, हा तिचा प्रश्न आहे. क्षत्रियाची बायको नवऱ्याला रणात सजवून पाठवते, मग मला एवढंही जमलं नसतं? शोधाला निघालेल्या पुरुषाच्या पाठीमागे एक झोपलेली बायको ठेवायची ही रीत आपल्या साहित्याने फार सहज स्वीकारली आहे.

आणि खरं तर आपल्याकडे त्याआधीचा एक वेगळा दाखला आहे. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य घर सोडायला निघतो, तेव्हा आधी बायकोला, मैत्रेयीला बोलावून सांगतो. दुसरी बायको कात्यायनी आणि तू, दोघींत वाटणी करून देतो म्हणतो. त्यावर ती विचारते, 'येनाहं नामृता स्यां किमहं तेन कुर्याम्'. ज्याने मी अमर होणार नाही ते घेऊन काय करू? आत्म्यावरचा तो सगळा थोर संवाद या एका प्रश्नामुळे उभा राहिला. न विचारता निघून गेला असता तर आपल्याला तो मिळालाच नसता.

ज्यांना जाता येत नाही त्यांचं काय? संत बहिणाबाई (१६२८ ते १७००) लग्नात बांधलेली, नवरा कडक ब्राह्मण, आणि हिने मनाने गुरू केला तुकोबांना. मार खाल्ला. तिने लिहिलंय, 'वेद हाका देती पुराणें गर्जती । स्त्रियेच्या संगती हित नोहे ॥ मी तो सहज स्त्रियेचाचि देह । परमार्थाची सोय आतां कैंची ॥' हे वाचताना माझा घसा दाटून येतो. देवळात, पुराणात, कीर्तनात जे मोठ्याने सांगितलं जातं ते ऐकून ती म्हणते, मग माझी सोय कुठे? आणि ती घर सोडत नाही. तिथेच राहून अभंगांत आपलं आत्मचरित्र लिहिते, आधीच्या जन्मांसकट. एका देहात न मावलेली हकिगत तिने अनेक जन्मांत मांडली, असं मला वाटतं.

इब्सेनच्या 'अ डॉल्स हाउस' नाटकातली नोरा १८७९ मध्ये दार लावून निघून जाते. युरोपभर त्या दाराचा आवाज गाजला. बहिणाबाई दार न लावता आत बसून लिहिते. कोणती धाडसी हे मला ठरवता येत नाही आणि ठरवायची इच्छाही नाही. पण आत्मशोधाच्या यादीत आपण नोराला 'आधुनिक' म्हणून घेतो आणि बहिणाबाईला 'पतिव्रता' म्हणून बाजूला ठेवतो, त्याचा मला राग येतो.

---

सांजवेळ

कोरांटी, अगदी मनातलं लिहिलंत.

यात लक्ष्मीबाई टिळकांना घ्यायलाच हवं. 'स्मृतिचित्रे' म्हणजे न सांगता जाणाऱ्या नवऱ्याबरोबरच्या संसाराचीच गोष्ट. १८९५ मध्ये रेव्हरंड टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि घर दुभंगलं. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. नवऱ्याने धर्म बदलला म्हणून ती बदलली नाही. सोवळ्याओवळ्याचा पीळ तिच्या स्वतःच्या मनातून, स्वतःच्या विचाराने सुटत गेला आणि मग ती त्या वाटेला आली. तिचं लिहिणंही बघा. तत्त्वज्ञानाचा एक जड शब्द नाही. भांडी, प्रवास, मुलं, पैशांची ओढाताण, आणि त्यातून एक माणूस आतून बदलताना दिसतो.

आणि टिळक स्वतः म्हणत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो. पायवाटेने तुकोबा आणि ऑगस्टीन शेजारी बसवले, ते टिळकांनी आयुष्यात करून दाखवलं.

---

अनवट

दोन पुस्तकं, दोन नद्या. बऱ्याच दिवसांपासून सांगायचं होतं.

हर्मान हेसेची 'सिद्धार्थ' १९२२ सालची. आजोबा केरळात मिशनरी, मल्याळमचा कोश करणारे. हेसे स्वतः १९११ मध्ये पूर्वेकडे निघाला, पण सिलोन आणि सुमात्रा पाहून परतला. कादंबरीचा नायक गौतम बुद्ध नव्हे, बुद्धाच्या काळातला दुसरा एक सिद्धार्थ. तो बुद्धाला भेटतो, नमस्कार करतो आणि त्याच्या संघात जात नाही, कारण ज्ञान दुसऱ्याच्या तोंडून मिळत नाही असं त्याचं म्हणणं. शेवटी नावाडी वासुदेवाजवळ नदीकाठी राहतो आणि नदीच्या हजार आवाजांतून त्याला 'ॐ' ऐकू येतो. पुस्तक सुंदर आहे, विशीत मी त्याच्यावर जीव टाकला होता.

मग डॉ. आंबेडकरांचं 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचलं, ते गेल्यावर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेलं. प्रस्तावनेतच ते विचारतात की बुद्धाने घर का सोडलं? म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून, हे उत्तर त्यांना पटत नाही. एकोणतिसाव्या वर्षापर्यंत माणसाला हे कधी दिसलंच नाही, हे कसं? त्यांच्या ग्रंथात कारण दुसरंच आहे. शाक्य आणि कोलीय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा होतो. शाक्य संघात युद्धाचा ठराव येतो, सिद्धार्थ उभा राहून विरोध करतो. बहुमत विरुद्ध जातं. सैन्यात भरती व्हायला तो नकार देतो, आणि घरच्यांवर बहिष्कार येऊ नये म्हणून स्वतःच परिव्रज्या पत्करतो.

पायवाट, बघा, तुमचं 'मानियेलें नाहीं बहुमता' इथे जसंच्या तसं आलं. आणि कोरांटी, तुमचंही. आंबेडकरांचा सिद्धार्थ रात्री गुपचूप निघत नाही. यशोधरेशी बोलतो. ती मन घट्ट करून म्हणते की तुमच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं, राहुलचं करायचं नसतं तर मीही तुमच्याबरोबर निघाले असते.

हेसेच्या नदीला आवाज आहे. आंबेडकरांच्या नदीला पाणी आहे, ज्याच्यावर शेतं जगतात आणि ज्याच्यासाठी माणसं एकमेकांची डोकी फोडतात. ज्याला पाण्यापर्यंत पोचायला कुणी अडवलेलं नाही त्यालाच नदीत ॐ ऐकू येतो का, हा प्रश्न तेव्हापासून माझा पिच्छा सोडत नाही. १९२७ मध्ये महाडच्या तळ्यावर ओंजळभर पाणी प्यायला गेलेल्या माणसाने बुद्धाच्या गृहत्यागाचं कारण पाण्यात शोधलं, यात मला काहीच आश्चर्य वाटत नाही.

'द अनटचेबल्स' हे पुस्तक (१९४८) त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांना अर्पण केलं आहे. संतांशी त्यांचं नातं किती आतलं होतं, ते त्या एका पानावरून कळतं. चोखोबा देवळाच्या दारातून बोलतो. त्याच्या अभंगांत देव समोर आहे आणि मध्ये उंबरठा आहे. सोयराबाई तर सरळ विटाळाचाच प्रश्न विचारते, देहात विटाळ नाही असा देह दाखवा म्हणते. शोध 'आत' असतो हे ठीक, पण काहींना आधी दारात थांबवलेलं असतं.

---

तळटीप

अनवट यांचा प्रतिसाद दोनदा वाचला.

मी एका गोष्टीचा प्रवास सांगतो, कारण पायवाटेचा 'कुणाला' हा प्रश्न तिला चपखल बसतो.

महाभारताच्या स्त्रीपर्वात विदुर धृतराष्ट्राला एक दृष्टांत सांगतो. रानात भेदरलेला माणूस विहिरीत पडतो, वेलींत अडकून लोंबकळतो. खाली सर्प, वर हत्ती, आणि पांढरे-काळे उंदीर झाडाचं मूळ कुरतडताहेत. वरच्या पोळ्यातून मधाचे थेंब गळताहेत आणि तो माणूस ते चाटतो आहे. उंदीर म्हणजे दिवस आणि रात्री. जैन परंपरेत हीच मधुबिंदूची कथा. ही गोष्ट अरबी, जॉर्जियन, ग्रीक, लॅटिन असा प्रवास करत युरोपात गेली. तिच्याबरोबर बुद्धाचं चरित्रही गेलं. 'बोधिसत्त्व' शब्द बदलत बदलत 'जोसाफात' झाला आणि ख्रिस्ती संतांच्या यादीत जाऊन बसला. शतकानुशतकं युरोप एका ख्रिस्ती संताला मानत होता, जो मुळात कपिलवस्तूचा राजपुत्र होता.

१८८० च्या आसपास टॉल्स्टॉय आपल्या कबुलीजबाबात तीच गोष्ट सांगतो. पूर्वेकडची जुनी गोष्ट म्हणून. पन्नाशी आलेली, कीर्ती आहे, इस्टेट आहे, मुलंबाळं आहेत, आणि जगावं कशाला ते कळत नाही. तो म्हणतो की आपल्याला दोन थेंबांनी सगळ्यात जास्त काळ भुलवलं, घरच्यांची माया आणि लेखन. आता तेही गोड लागत नाहीत.

गोष्ट तीच. पण विदुर ती शंभर मुलगे गमावलेल्या बापाला सांगतो, युद्ध संपल्यावर. टॉल्स्टॉय ती स्वतःलाच सांगतो. एकीकडे ती सांत्वनासाठी आहे, दुसरीकडे ती फासासारखी गळ्याशी येते. ऐकणारा बदलला की दृष्टांताचा अर्थ बदलतो, हे मला यातून शिकायला मिळालं.

याच जातीचं बृहदारण्यकातलं 'द'. प्रजापती एकच अक्षर उच्चारतो. देव ऐकतात दाम्यत, मन आवरा. माणसं ऐकतात दत्त, द्या. असुर ऐकतात दयध्वम्, दया करा. टी. एस. इलियटने १९२२ मध्ये, म्हणजे हेसेच्या 'सिद्धार्थ'च्याच वर्षी, पहिल्या महायुद्धाने पोळलेल्या युरोपावरच्या आपल्या 'द वेस्ट लँड' या दीर्घ कवितेच्या शेवटी हे तीन शब्द आणले. हार्वर्डला तो संस्कृत शिकला होता. त्याने क्रम बदलला आणि 'द्या' पहिलं घेतलं.

---

संथ

अवांतर वाटेल, पण 'कुणाला' या प्रश्नावर दोन कादंबऱ्यांच्या सुरुवाती आठवल्या. सॅलिंजरची १९५१ ची कादंबरी 'द कॅचर इन द राय', तिचा नायक होल्डन कॉलफिल्ड सांगायला लागतो ते 'तुम्हाला खरंच ऐकायचं असेल तर' अशा अर्थाने. आणि १९६३ ची 'कोसला'. पांडुरंग सांगवीकर 'आज उदाहरणार्थ पंचवीस वर्षांचा आहे' म्हणतो आणि लगेच, 'खरं तर तुम्हाला वगैरे सांगण्यासारखं एवढंच'. दोघांनाही ऐकणाऱ्याची खात्री नाही. ज्यांना 'तुम्हीं संतीं' म्हणावं अशी माणसंच भोवती उरलेली नाहीत, म्हणून शब्द अडखळतात. त्या 'वगैरे'त मला नेहमी एक मोठं एकटेपण ऐकू येतं. त्याच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मरणाची पानं वाचताना तर फार.

---

पायवाट

इतके भरभरून प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. सर्वांचे मनापासून आभार. अनवट, तुमच्या दोन नद्यांनी माझा मूळ लेख अपुरा ठरवला, आणि ते बरंच झालं. सत्संग म्हणताना त्या सत्संगात कुणाला बसू दिलं जातं, हे मी विचारलंच नव्हतं.

कोरांटीने दाराचा विषय काढला म्हणून ताटीचे अभंग आठवले. लोकांच्या बोलण्याने दुखावून ज्ञानदेव ताटी लावून आत बसतात. ताटी म्हणजे झोपडीचं साधं दार. बाहेर धाकटी बहीण. मुक्ताबाई त्यांना ब्रह्मज्ञान शिकवत नाही, ते त्यांच्याकडे आहेच. ती म्हणते, 'विश्व रागें झालें वन्ही । संतें सुखें व्हावें पाणी ॥' आणि मग ते घरगुती उदाहरण, 'जीभ दातांनी चाविली । कोणें बत्तिशी तोडिली ॥' आपल्याच दातांनी जीभ चावली म्हणून कुणी दात पाडून घेतं का? समाज म्हणजे आपलेच दात. किती साधं, आणि किती दूर नेणारं. शेवटी 'विश्वपट ब्रह्मदोरा । ताटी उघडा ज्ञानेश्वरा ॥'.

दार लावण्याला ती चूक म्हणत नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. राग खोटा आहे असंही म्हणत नाही. ज्या मुलांना संन्याशाची पोरं म्हणून वाळीत टाकलं त्यांचा राग खरा होता, आणि तिचाही असणार. तरी ती दाराबाहेर उभी राहून हाक मारते.

दोस्तोयेव्स्कीच्या 'ब्रदर्स कारामाझोव्ह'मध्ये (१८८०) झोसिमा अल्योशाला मठात ठेवून घेत नाही. जगात जा म्हणतो, तुझं काम तिथे आहे. मठाच्या आतून बाहेर पाठवणारा म्हातारा आणि दाराबाहेरून हाक मारणारी मुलगी, यांची कधी गाठ पडली असती तर त्यांना एकमेकांचं बोलणं लगेच कळलं असतं.

---

चकवा

पायवाट, एक उलट दाखलाही नोंदवतो. रॉबर्ट पिर्सिगचं मोटरसायकलवरचं पुस्तक, 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स', १९७४. त्यातला नायक तत्त्वज्ञान शिकायला बनारसला येतो. वर्गात प्राध्यापक जग माया आहे असं सांगत असतात. तो हात वर करून विचारतो, हिरोशिमा-नागासाकीवर पडलेले बॉम्बही माया होते का? प्राध्यापक हसून हो म्हणतात. तो वर्गातून उठतो, तो देशच सोडतो.

मला मायावादाची टिंगल करायची नाही, शंकराचार्य त्या एका वाक्याएवढे नाहीत. पण त्या वर्गात कुणीतरी विचारलं होतं आणि मिळालेलं उत्तर विचारणाऱ्यासाठी नव्हतं. विदुराने धृतराष्ट्राला 'तुझे मुलगे माया होते' एवढंच सांगून पाठवलं असतं तर?

---

सांजवेळ

चकवा, हो. उत्तर कुणासाठी आहे, तेच सगळं.

हे लिहू की नको असं करत दोन दिवस गेले, लिहिते. बाबांच्या शेवटच्या आजारपणात रात्री मी त्यांच्या खोलीत बसून वाचायचे. तेव्हा टॉल्स्टॉयची 'इव्हान इलिचचा मृत्यू' हातात होती, १८८६ ची. त्यात सगळे त्या मरणाऱ्या माणसाशी खोटं बोलतात, तू बरा होशील म्हणतात. फक्त गेरासिम नावाचा तरुण नोकर खोटं बोलत नाही. इव्हान इलिचला पाय उंच ठेवले की दुखणं कमी वाटतं, म्हणून गेरासिम त्याचे पाय आपल्या खांद्यावर घेऊन बसतो, कधी कधी रात्रभर. आता जा असं सांगितलं तर म्हणतो, आपण सगळेच मरणार, मग थोडे कष्ट घ्यायला काय हरकत आहे?

बाबा जागे होते हे मला कळलं नव्हतं. त्यांनी विचारलं, काय वाचतेस? मृत्यू हा शब्द त्या खोलीत कुणी काढत नव्हतं. मी पुस्तकाचं नाव सांगितलं नाही, पण ते पान त्यांना मराठीत सांगत सांगत वाचून दाखवलं, पाय खांद्यावर घेतल्याचं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, माझी उशी जरा पायाखाली सरकव. मी उशी काढली आणि त्यांचे पाय मांडीवर घेतले. टाचा थंड होत्या, कातडी कागदासारखी झाली होती.

दुसऱ्या रात्री औषध घेतल्यावर त्यांनी आपणहून विचारलं, त्या पोराचं नाव काय म्हणालीस?

गेरासिम, म्हटलं.

ते नाव त्यांनी एकदा हळूच उच्चारून पाहिलं, आणि म्हणाले, पुढचं वाच.